‘हाई झुमकावाली पोर’ सगळ्यांना पाठ, गायकाचं नाव कोणालाच नाही: खान्देशची कला ऑनलाइन पोहोचली, पण कोणाच्या नावाने?

पुण्यातल्या एखाद्या कॉलेजचं गॅदरिंग, कोकणातल्या लग्नाची हळद, दुबईतल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव. या सगळ्या ठिकाणी गेल्या काही वर्षांत एक गाणं हमखास वाजतं, ‘हाई झुमकावाली पोर’. नाचणाऱ्यांपैकी अनेकांना ही भाषा कोणती, हेही माहीत नसतं. कोणी म्हणतं गावठी मराठी, कोणी म्हणतं गुजराती. ती आहे अहिराणी. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव, सटाणा, कळवण या पट्ट्यात बोलली जाणारी भाषा.

आता एक छोटी परीक्षा घ्या. हे गाणं कोणी गायलं आहे? गुगल न करता सांगा.

बहुतेकांना सांगता येणार नाही. व्हिडिओत दिसणारे चेहरे आठवतील, विनोद कुमावत हे नाव काहींना माहीत असेल. पण गीतकार, संगीतकार, गायक? इथेच या लेखाचा विषय सुरू होतो. एखाद्या भागाची कला इंटरनेटवरून कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचते, तेव्हा नेमकं काय पोहोचतं? आणि त्यातलं काय त्या कलाकाराकडे परत येतं?

हे गाणं एवढं पोहोचलं कसं?

‘झुमकावाली’ हे पहिलं व्हायरल अहिराणी गाणं नाही. त्याआधी २०१९च्या सुमारास ‘बबल्या इकस केसावर फुगे’ महाराष्ट्रभर वाजत होतं. सचिन कुमावत आणि गायक अण्णा सुरवाडे यांचं हे गाणं. शब्दांचा अर्थ असा की, बबल्या केसांच्या बदल्यात फुगे विकतो. विंचरताना गळालेले केस बायका जपून ठेवतात आणि दारावर येणारा फेरीवाला ते घेऊन पोरांना फुगे देतो. खान्देशात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाहेरच्याला मात्र हे शब्द ऐकून फक्त गंमत वाटली, आणि त्या गमतीवर गाणं चाललं.

या यशामागे तीन कारणं आहेत.

पहिलं, स्वस्त डेटा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाइल इंटरनेटचे दर कोसळले. गावातल्या माणसाला दिवसाला एक-दीड जीबी डेटा परवडायला लागला. त्याआधी अहिराणी गाणी आणि विनोदी फिल्म सीडीवर मिळायच्या, बसस्टँडजवळच्या दुकानांत आणि आठवडी बाजारात. तोच प्रेक्षक यूट्यूबवर आला.

दुसरं, स्थलांतर. खान्देशातून कामासाठी बाहेर पडलेली माणसं सुरतच्या कापड कारखान्यांत, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये, पुणे आणि कल्याणमध्ये मोठ्या संख्येने आहेत. आपल्या बोलीतलं गाणं हा त्यांच्यासाठी गावाशी असलेला रोजचा धागा आहे. यूट्यूबवर एखाद्या चॅनलला सुरुवातीला असा हक्काचा, पुन्हा पुन्हा पाहणारा प्रेक्षक मिळाला, की प्लॅटफॉर्मची यंत्रणा तो व्हिडिओ आणखी लोकांना दाखवू लागते.

तिसरं, छोटे व्हिडिओ. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणलं. रीलला अर्थ लागत नाही, ठेका लागतो. पंधरा सेकंदांचा तुकडा उचलला, त्यावर नाचलं, टाकलं. खान्देशी गाण्यातला पावरी आणि डफाच्या चालीचा ठेका यासाठी चपखल बसला.

पण पैसे कोणाला मिळतात?

‘एवढे व्ह्यूज म्हणजे कलाकार करोडपती झाला असेल’ असं आपण सहज म्हणतो. हिशोब तसा नसतो.

यूट्यूबवर जाहिरातीतून पैसे मिळवायचे तर चॅनलला किमान १००० सबस्क्रायबर लागतात. सोबत गेल्या १२ महिन्यांत ४००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवर येणाऱ्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनलला मिळतात, शॉर्ट्ससाठी ४५ टक्के. भारतातल्या प्रेक्षकांवर जाहिरातदार अमेरिकेच्या तुलनेत फार कमी खर्च करतात, त्यामुळे तेवढ्याच व्ह्यूजमागे इथे रक्कम बरीच लहान असते.

यातली खरी मेख ‘चॅनलला’ या शब्दात आहे. पैसे गाण्याला मिळत नाहीत, चॅनलच्या मालकाला मिळतात. त्याने गायकाला, गीतकाराला, ढोलकी वाजवणाऱ्याला काय द्यायचं, हे यूट्यूब ठरवत नाही. ते त्या लोकांमधल्या करारावर अवलंबून असतं. आणि छोट्या गावांत हा करार बहुतेक वेळा तोंडी असतो. ‘गाणं म्हण, इतके घे.’ विषय संपला.

रील्सचं गणित आणखी वेगळं आहे. गाणं एखाद्या वितरकामार्फत इन्स्टाग्रामच्या संगीत संग्रहात रीतसर टाकलं असेल, तर रीलवर गाण्याचं आणि कलाकाराचं नाव दिसतं. ते केलं नसेल आणि कोणी आवाज उचलून टाकला, तर तिथे ‘ओरिजिनल ऑडिओ’ असं येतं आणि नाव दिसतं ते टाकणाऱ्याचं. त्यावर पुढे हजारो रील्स बनल्या तरी मूळ गायकाचं नाव कुठेच येत नाही. तुम्ही आम्ही ज्याला ‘व्हायरल’ म्हणतो, त्यातला मोठा भाग असाच निनावी असतो.

आफ्रिकेतल्या एका गाण्याची गोष्ट

हा प्रश्न फक्त खान्देशचा नाही. २०१९ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत मास्टर केजी या संगीतकाराचं ‘जेरुसलेमा’ हे गाणं आलं. गायिका नोमसेबो झिकोडे, भाषा झुलू. २०२० मध्ये अंगोलातल्या एका नृत्यगटाने जेवणाची ताटं हातात धरून या गाण्यावर नाच केला आणि तो व्हिडिओ जगभर गेला. कोविडच्या काळात युरोपातल्या हॉस्पिटलमधले डॉक्टर-नर्स, विमानतळावरचे कर्मचारी, मठातल्या साध्वी या गाण्यावर नाचल्या. झुलूचा एक शब्दही न कळणाऱ्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

आणि २०२१ मध्ये नोमसेबो यांनी जाहीरपणे सांगितलं की, या गाण्याचे पैसे आपल्याला मिळालेले नाहीत. रेकॉर्ड कंपनी आणि गायिका यांच्यातला वाद समाजमाध्यमांवर आला. जगातल्या सगळ्यात जास्त वाजलेल्या गाण्यांपैकी एक गाणाऱ्या कलाकाराची ही स्थिती असेल, तर एरंडोल किंवा साक्रीच्या गायकाने काय अपेक्षा ठेवायची?

कायदा काय म्हणतो?

खरं तर भारतातला कायदा या बाबतीत बऱ्यापैकी कलाकाराच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा १९५७चा, पण २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यातल्या आणि आधीच्या तरतुदींपैकी चार गोष्टी प्रत्येक अहिराणी कलाकाराला माहीत असायला हव्यात.

एक, गीतकार आणि संगीतकाराने गाण्याचे हक्क कंपनीला विकले, तरी पुढे गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा त्यांचा हक्क शाबूत राहतो. हा हक्क ते वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देऊ शकतात. ‘सगळे हक्क सोडले’ असं कागदावर लिहून घेतलं, तरी हा हक्क सुटत नाही.

दोन, गायक हा कायद्याने ‘परफॉर्मर’ आहे. त्याच्या गायनाचा व्यावसायिक वापर झाला तर त्यालाही रॉयल्टीचा हक्क आहे. शिवाय गायक म्हणून आपलं नाव दिलं जावं, हाही त्याचा हक्क आहे.

तीन, हक्क देण्याचा करार लेखी लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं नसेल तर तो फक्त भारतापुरता धरला जातो.

चार, गीतकार-संगीतकारांसाठी ‘आयपीआरएस’ ही संस्था आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही सोसायटी रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटते. गायकांसाठी ‘इसाम्रा’ (आधीची ‘इस्रा’) ही वेगळी संस्था आहे. पण सभासद झाल्याशिवाय आणि गाणी नोंदवल्याशिवाय पैसे येत नाहीत.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की, कायदा कोर्टात चालतो आणि गाणं गावात बनतं. ज्या भावकीतल्या, ओळखीतल्या निर्मात्याने पहिली संधी दिली, त्याच्याकडे कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मानलं जातं. आणि गाणं चालेल की नाही हे आधी कोणालाच माहीत नसतं. निर्माता कॅमेरा, एडिटिंग, डान्सर, गाडी यांचा खर्च स्वतःच्या खिशातून करतो. दहातली नऊ गाणी बुडतात, हेही खरं आहे. त्यामुळे सगळा दोष निर्मात्यावर टाकणं बरोबर नाही. पण चाललेल्या दहाव्या गाण्याचा वाटा कसा व्हायचा, हे आधीच एका कागदावर लिहिणं दोघांच्याही हिताचं आहे.

लोकगीताचा मालक कोण?

आणखी गुंतागुंतीचा भाग पारंपरिक गाण्यांचा. श्रावणात कानबाई बसते तेव्हाची गाणी, आखाजीला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, वहीगायन, जात्यावरच्या ओव्या. यांचा कोणी एक कवी नाही. म्हणून मूळ गाण्यावर कोणाचा कॉपीराइट नाही. पण त्याचं नवं रेकॉर्डिंग, नवी बांधणी यावर रेकॉर्ड करणाऱ्याचा हक्क असतो.

यूट्यूबवर ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा आहे. नोंदवलेल्या रेकॉर्डिंगशी जुळणारा आवाज दुसऱ्या व्हिडिओत सापडला, की ती आपोआप दावा लावते. म्हणजे एखाद्या कंपनीने कानबाईचं गाणं रेकॉर्ड करून नोंदवलं आणि उद्या तुमच्या आजीने तीच चाल म्हटलेला व्हिडिओ तुम्ही टाकला, तर त्यावरही दावा येण्याची शक्यता राहते. त्याला आव्हान देता येतं, पण ते कसं द्यायचं हे माहीत असावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांचं असलेलं गाणं कागदोपत्री पहिल्यांदा नोंदवणाऱ्याचं होऊ नये, यासाठी जुन्या गाण्यांची नोंद गावाच्या, गाणारीच्या नावासह, तारखेसह ठेवणं महत्त्वाचं ठरतं.

खान्देशने हे एकदा करून दाखवलं आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या गाणी रचायच्या. घरातल्यांनी ती वेळीच लिहून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या गाण्यांचा प्रसार झाला तो दोन गोष्टींमुळे: कोणीतरी लिहून ठेवलं, आणि लिहिताना कोणाचं आहे ते नाव पुसलं नाही.

मालेगाव आणि कंपाला

धुळ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर मालेगाव. यंत्रमागाचं गाव. इथे शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ बनवला. हाताशी असेल तो कॅमेरा, गावातलेच नट, आणि प्रेक्षकही गावातलेच. पुढे फैजा अहमद खान यांनी यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२४ मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरमध्ये आला. म्हणजे मालेगावची गोष्ट जगभर गेली, पण ती मुख्यतः इतरांनी सांगितलेली गोष्ट म्हणून.

युगांडाची राजधानी कंपालामध्ये वाकालिगा नावाची गरीब वस्ती आहे. तिथे आयझॅक नबवाना यांनी अगदी अशाच पद्धतीने, जुन्या भंगारातून कॅमेऱ्याचं सामान आणि खोट्या बंदुका बनवून, २०१० मध्ये ‘हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स?’ हा मारधाडपट केला. त्याचा ट्रेलर यूट्यूबवर गाजला. पुढे त्यांनी अख्खा चित्रपट स्वतःच्याच चॅनलवर मोफत टाकला. त्यामुळे जगभरातून जो प्रेक्षक आला, तो ‘वाकालिवूड’ या नावाकडे आणि नबवानांकडे आला.

फरक प्रतिभेचा नाही, दार कोणाच्या मालकीचं आहे याचा आहे. मालेगावच्या पुढच्या पिढीने हे ओळखलेलं दिसतं. ‘छोटू दादा’च्या विनोदी व्हिडिओंना आज कोट्यवधी प्रेक्षक आहेत आणि ते थेट यूट्यूबवर पाहतात. मधे माहितीपटवाला लागत नाही.

जे व्हायरल होत नाही, त्याचं काय?

इथपर्यंत गाणी आणि विनोद झाले. पण खान्देशची कला तेवढीच आहे का?

जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावात केकी मूस राहायचे. १९१२चा जन्म, १९८९ मध्ये निधन. घरातल्याच साध्या वस्तू टेबलावर मांडून, प्रकाशाशी खेळत त्यांनी काढलेली छायाचित्रं पाहिली की, हा माणूस आयुष्याचा बहुतेक काळ आपल्या घराबाहेर पडला नाही, यावर विश्वास बसत नाही. छायाचित्रं पोस्टाने देशोदेशीच्या स्पर्धांना जायची आणि बक्षिसं घेऊन यायची. त्यांचं इंटरनेट म्हणजे पोस्ट ऑफिस. आज त्यांचं घर कलादालन म्हणून पाहता येतं. पण महाराष्ट्रातल्या किती तरुण फोटोग्राफरांनी त्यांचं एक तरी चित्र फोनवर पाहिलं असेल?

मालीमधल्या बामाको शहरात सेदू केता नावाचे छायाचित्रकार होते. १९४८पासून त्यांचा स्टुडिओ चालायचा. गावातली माणसं नटूनथटून येऊन फोटो काढून घ्यायची. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले, तेव्हा खाली लिहिलं होतं, ‘अज्ञात छायाचित्रकार’. एका फ्रेंच अभ्यासकाने ते पाहिलं, बामाको गाठलं, माणूस शोधून काढला. १९९४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. आज आफ्रिकेच्या आधुनिक कलेचा इतिहास त्यांच्या नावाशिवाय लिहिता येत नाही. केता त्या वेळी हयात होते, म्हणून हे नाव मिळालं.

रील्सच्या जगात ठेका नसलेली कला मागे पडते. चित्र, छायाचित्र, वहीगायनाचा तीन तासांचा प्रयोग, यांना पंधरा सेकंदांत बसवता येत नाही. त्यासाठी वेगळं काम लागतं: चांगलं स्कॅनिंग, प्रत्येक चित्राखाली माहिती, परवानगी, आणि शोधल्यावर सापडेल असं शीर्षक. हे काम अल्गोरिदम करत नाही. संस्था, विद्यापीठं आणि हौशी माणसं करतात.

व्ह्यूज वाढले, बोलणारे घटले?

शेवटचा मुद्दा भाषेचा. जनगणनेत ‘खान्देशी’ या नावाखाली अहिराणीची गणना होते. २००१ मध्ये ही भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे २० लाख ७५ हजारांच्या आसपास होते. २०११ मध्ये हा आकडा सुमारे १८ लाख ६० हजारांवर आला. लोकसंख्या वाढत असताना आकडा कमी झाला.

याचा अर्थ अहिराणी बोलणारी माणसं नाहीशी झाली असा नाही. घरी अहिराणी बोलणारे अनेकजण जनगणनेच्या रकान्यात ‘मराठी’ सांगतात. शाळेत ‘नीट बोल’ म्हणून हिणवलं गेलेलं असतं, शहरात हसलं गेलेलं असतं. गाण्यात अहिराणी चालते, मुलाखतीत नाही. म्हणजे भाषेला टाळ्या मिळाल्या, पण प्रतिष्ठा मिळाली असं म्हणता येत नाही. आणि जी भाषा फक्त नाचायला आणि हसायलाच वापरली जाते, तिच्यात बातमी, कथा, भांडण, प्रेमपत्र लिहिणारे हळूहळू कमी होतात.

आता २०२७ची जनगणना होणार आहे. मातृभाषेचा रकाना पुन्हा समोर येईल. त्यात काय भरायचं हे प्रत्येकाने आपलं ठरवायचं. पण ‘झुमकावाली’वर नाचणाऱ्या खान्देशी घराने तो रकाना भरताना एक क्षण थांबावं, एवढं म्हणायला हरकत नाही.

तुम्ही काय करू शकता?

प्रेक्षक म्हणून आपल्या हातात थोडंच असतं, पण ते अगदीच नगण्य नाही. रील बनवताना ‘ओरिजिनल ऑडिओ’ न वापरता गाण्याची अधिकृत नोंद वापरा. कॅप्शनमध्ये गायक आणि गीतकाराचं नाव लिहा. कोणी डाउनलोड करून टाकलेल्या प्रतीऐवजी मूळ चॅनलची लिंक पाठवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची गाणी रेकॉर्ड करत असाल, तर व्हिडिओत त्यांचं नाव, गाव आणि ते कोणाकडून शिकले, हे त्यांच्याच तोंडून घ्या. कलाकार असाल, तर पुढचं गाणं म्हणण्याआधी एका पानाचा कागद करा: कोण गाणार, किती घेणार, आणि गाणं चाललं तर किती वाटा.

आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर? ‘हाई झुमकावाली पोर’ कोणी गायलं, हे इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. यूट्यूबवर मूळ व्हिडिओ उघडा, खालचं वर्णन उघडून वाचा. दहा सेकंद लागतील. पुढच्या हळदीत हे गाणं वाजलं, की शेजारी नाचणाऱ्याला ते नाव सांगा.